आखाजीपर्यंत थांब

चेतनच्या फ्लॅटचं कर्ज वीस वर्षांचं होतं. तीन वर्षं त्याने एकही न चुकवता हप्ते भरले, आणि फेब्रुवारीत एका सकाळी बँकेत जाऊन सहज विचारलं तेव्हा कळलं की अजून तीस वर्षं उरली आहेत.

घरी येऊन त्याने हे सांगितलं, तेव्हा प्रमिलाबाई भाकरी थापत होत्या. हात परातीतच राहिले.

"तीस कशी रे? सतरा उरायला पाहिजेत."

"सतराच होती. रेट वाढला."

"कोणाचा?"

"रिझर्व्ह बँकेचा. रेपो म्हणतात त्याला. तो वाढला की आपल्या बँकेचा पण वाढतो. मे महिन्यापासून सहा वेळा वाढलाय, आई. सहा वेळा."

"पण हप्ता तर तेवढाच कापतात."

"हप्ता तेवढाच ठेवला. वर्षं वाढवली."

सून हर्षदा डबे भरत होती. ती सुरतेतच जन्मलेली, जिभेला धार असलेली. "म्हणजे तुम्ही एकसष्टचे व्हाल तेव्हा घर आपलं होणार," ती नवऱ्याला म्हणाली. "छान आहे. वास्तुशांत नातवंडांच्या हातून करू."

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास सगळ्यांना एकदमच आला.

सुरतच्या डिंडोलीतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्या दिवसापासून एक भीती राहायला आली. चेतनची भीती उघडी होती. तो रात्रपाळी मागायला लागला, चहा सोडला, पेट्रोल वाचवायला दोघा-तिघांबरोबर रिक्षाने जायला लागला. प्रमिलाबाईंची भीती झाकलेली होती. कारण एक वेगळं कर्ज त्यांच्याही नावावर होतं, आणि ते घरात कोणाला फारसं आठवत नव्हतं.

गावाकडे, शिंदखेड्यापासून आत, चार एकर कोरडवाहू रान होतं. धाकटा दीर लोटू ते कसायचा, पण सातबाऱ्यावर नाव प्रमिलाबाईंचं. मालक, म्हणजे नवरा चिंधा, तीस वर्षं पांडेसऱ्यात लूमवर उभे राहून कानांनी गेले होते. वाटण्या झाल्या तेव्हा सासरे म्हणाले होते, "चिंधाच्या वाट्याचं हिच्या नावावर करा. ही फोनवर बोलते तरी." लोकांना गंमत वाटली होती. प्रमिलाबाईंना त्या दिवशी ताप भरला होता. आपल्या नावावर जमीन म्हणजे उद्या तिचं काही झालं तर तेही आपल्याच नावावर, हे त्यांना तेव्हाच समजलं होतं.

त्या जमिनीवर दरवर्षी तालुक्याच्या बँकेतून पीककर्ज निघायचं. या खेपेला एक लाख चार हजार. लोटू त्यातून कापसाचं बियाणं, खत, फवारणी करायचा. कापूस विकला की पैसे सुरतेला वहिनीच्या खात्यावर पाठवायचा. मार्च संपायच्या आत प्रमिलाबाई तालुक्याला जाऊन ते बँकेत भरून टाकायच्या आणि त्याच दिवशी पुन्हा नवीन उचलायच्या. त्याला सगळे नवं-जुनं म्हणायचे. अकरा वर्षं हे चाललं होतं आणि अकरा वर्षांत प्रमिलाबाईंनी दर किती हे विचारलं नव्हतं. सरकारी सवलतीचं आहे, स्वस्त आहे, एवढं पुरे होतं.

आता त्यांना झोपेत आकडे दिसायला लागले. सहा वेळा वाढला. दोन हजार सहाच्या पुरात त्या लिंबायतच्या चाळीत जिन्यावर बसून पायऱ्या मोजत होत्या. पाणी एक पायरी गिळायचं, थांबायचं, माणसाला वाटायचं आता थांबलं, आणि मग दुसरी पायरी नाहीशी व्हायची. तसंच हे. लेकाच्या घरात पाणी शिरलं होतं. त्यांच्या चार एकरांत किती चढलंय हे बघायची त्यांची हिंमत होत नव्हती.

त्यात तो फोन आला. चेतनने दुसऱ्या एका बँकेकडे चौकशी केली होती, कर्ज तिकडे हलवता येईल का म्हणून. बोलणं स्पीकरवर होतं. पलीकडची मुलगी मधाळ आवाजात हिंदीत म्हणाली, "सर, पुराना लोन बंद होगा तो नया आज के रेट से ही मिलेगा ना."

चेतनने कपाळाला हात लावला. प्रमिलाबाईंनी मात्र ते वाक्य उचललं आणि मनाच्या तळाशी नीट ठेवून दिलं. जुनं बंद केलं की नवं आजच्या दराने. म्हणजे नवं-जुनं करायला गेलं की मेलं. जुनं आहे ते जुन्याच दराने पडून राहू द्यावं. त्याला हात लावूच नये.

म्हणून मार्चच्या पहिल्या आठवड्यात लोटूचा फोन आला तेव्हा त्या तयार होत्या.

"वैनी, बँकवाला इचारी ऱ्हायना. पैसा भराना का नही?"

"आखाजीलोंग थांब."

"आखाजीलोंग? दरसाल तर मार्चमा भरतस."

"औंदा आखाजीले भरसू. थांब म्हटलं ना."

आखाजीच्या, म्हणजे एप्रिलअखेरच्या अक्षय्य तृतीयेच्या, नावापुढे खानदेशी माणूस वाद घालत नाही. सालदार आखाजीला ठरतो आणि आखाजीला सुटतो, बटाईचं रान आखाजीला हातात येतं, माहेरवाशीण आखाजीला झोक्यावर बसते. वर्ष फिरतं ते त्या दिवशी. सुरतेत तीन दशकं काढलेली माणसंसुद्धा कोणाला पैसे दिले तर "आखाजीला बघू" म्हणतात आणि समोरच्याला ते पटतं. लोटूलाही पटलं. कर्ज एक वर्षाचं आहे ना? मग वर्ष आखाजीला भरतं.

प्रमिलाबाईंनी हे कोणाला सांगितलं नाही. चिंधाला सांगायचं तर ओरडून सांगावं लागलं असतं आणि मग सगळ्या बिल्डिंगने ऐकलं असतं. चेतनसमोर व्याज हा शब्द काढणं म्हणजे त्याच्या गळवावर बोट दाबणं. भीती मात्र कमी होईना.

सव्वीस मार्चच्या रविवारी चेतन त्यांच्याजवळ येऊन बसला. एवढा जवळ तो लग्नानंतर बसला नव्हता.

"आई, तुझ्या आणि हर्षदाच्या खात्यात कापसाचे पडलेत ना? एक लाख बत्तीस हजार."

"तुला कोणी सांगितलं?"

"पासबुकाने. ऐक ना. लाख-सव्वालाख जर मी आत्ता मुद्दलात टाकले तर तीसची वीस होतात. मी हिशोब करून आणलाय. एका लाखात दहा वर्षं, आई."

"ते लोटूचे आहेत."

"लोटूकाकाला आखाजीपर्यंत नकोत ना? काका म्हणाला मला फोनवर. तोवर मी काहीतरी उभं करतो."

"कुठून?"

चेतन आईच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. लहानपणी मार खायच्या आधी बघायचा तसा.

"विचार करते," त्या म्हणाल्या. आणि त्यांच्या लक्षात आलं की आखाजीपर्यंत थांब हे आपण पाणी अडवायला म्हटलं होतं, पण त्यानेच एक दार उघडं राहिलंय. लेक त्या दारात उभा आहे. त्याला आत घ्यावं तर शेत जातं, बाहेर ठेवावं तर लेक.

प्रमिलाबाई घराजवळच्या एका तळघरात धागा कटिंगला जात. भरतकाम होऊन आलेल्या साड्यांच्या मागे सुटे धागे लोंबत असतात, ते छोट्या कात्रीने कापायचे. सात-आठ बायका मांडी घालून बसायच्या, मध्ये साड्यांचा ढीग. त्यांच्या शेजारची जागा मालतीबाईंची. मालतीबाई अमळनेरकडच्या, अंगाने रुंद, आवाजाने त्याहून रुंद.

बुधवारी, एकोणतीस तारखेला, मालतीबाई कात्री थांबवून म्हणाल्या, "तुले काय व्हयनं? सकाळपासून एकच साडी कापतेयस. शेठ ती तुलाच नेसवेल आता."

प्रमिलाबाईंना राहवलं नाही. हलक्या आवाजात सगळं सांगितलं: रेपो, तीस वर्षं, जुनं कर्ज तसंच ठेवायचं, आखाजी.

मालतीबाईंनी कात्री खाली ठेवली. त्या कात्री कधी खाली ठेवत नसत.

"बाई, मी बी तेच करेल व्हतं. गेल्या साली."

"काय?"

"आखाजी. म्हटलं वर्ष आखाजीला पुरं होतं, तेव्हा भरू. गेले आखाजीला पैसे घेऊन, लुगडं-बिगडं नेसून. साहेब म्हणे, बाई, एकतीस मार्च झाली. तुमची सवलत गेली. आता खातं थकीत. नवीन कर्जाचं बोलूच नका, आधी हे व्याज भरा. आणि व्याज काय, माहितेय? सवलतीचं नाही. बँकेचं. मोकळ्या बाजारातलं."

"पण जुनं जुन्याच दराने राहतं ना?"

"कुठलं राहतं? तारखेच्या आत आहे तोवर राहतं. तारीख ओलांडली की ते बाहेर पडतं, आणि बाहेर तुझा तो रेपो उभाच आहे."

प्रमिलाबाईंच्या हातातली साडी त्यांच्या घामाने ओली झाली होती. "तुला साहेब असं म्हणाले? याच शब्दांत?"

"शब्द आठवत नाहीत. रडत होते मी. पण सहा हजार जास्तीचे गेले ते आठवतात."

बँकेचा फोन त्यांनी दुपारभर लावला. वाजून वाजून बंद व्हायचा. मार्च अखेर. दुसऱ्या दिवशी गुरुवार, रामनवमी, बँक बंद. उरला फक्त शुक्रवार.

रामनवमीला सगळे घरी होते. प्रमिलाबाईंनी दुपारची जेवणं होऊ दिली आणि मग बोलल्या. चेतन ऐकत होता आणि ऐकता ऐकता त्याचा चेहरा बंद होत गेला.

"मालतीबाई बँकेत आहेत का?"

"तिच्यावर गुजरलंय."

"आई, मी दोन महिने याच्यात बुडालोय. नवीन लोन आजच्याच रेटने मिळतं. सगळीकडे. तू उद्या भरशील, सोमवारी नवीन घ्यायला जाशील, आणि ते तुला नऊ-दहाने देतील. मग काय करशील?"

"आणि नाही भरलं तर?"

"तर काय होणार आहे? महिनाभराने भरू."

हर्षदा ताटं उचलत म्हणाली, "म्हणजे दोघांनाही माहीत नाही. आणि दोघं किती जोरात बोलताय."

"तू मध्ये पडू नको."

"मी खात्यात आहे, मध्ये आहेच." तिने हात पुसले, मोबाईल घेतला. "मम्मी, तुमच्या कर्जखात्याचा नंबर द्या. ॲपमध्ये टाकून ठेवते. नवीन नंबरला पहिले चोवीस तास मोठी रक्कम जात नाही. पाठवायचं की नाही ते उद्या तुम्ही ठरवा. पण उद्या पाठवायचं ठरलं आणि जाईनाच, असं नको."

चेतन उठून गॅलरीत गेला. प्रमिलाबाईंनी पासबुकाच्या प्लास्टिकच्या पिशवीतून नंबर काढून दिला. देताना त्यांना वाटलं, लेकाच्या खिशातून काहीतरी काढून देतोय आपण.

शुक्रवारी लोटू साडेदहालाच तालुक्याच्या शाखेत जाऊन उभा राहिला. काम एवढंच: साहेबाला गाठायचं आणि फोन लावून त्याच्या हातात द्यायचा. विचारल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत, असं प्रमिलाबाईंनी ठरवलं होतं. बारा वाजता लोटू म्हणाला पुढे साठ माणसं आहेत. दीड वाजता म्हणाला साहेब जेवायला गेले. अडीच वाजता हर्षदा मोबाईल घेऊन तळघरात येऊन सासूजवळ बसली. शेठ नुसता बघून गेला. प्रमिलाबाईंनी एका साडीच्या पदरालाच कात्री लावली आणि ती कोणाला न दाखवता मांडीखाली दडवली.

प्रमिलाबाईंचा मोबाईल ओटीपीसाठी मोकळा ठेवायचा म्हणून लोटूला मालतीबाईंचा नंबर दिला होता; तीन वाजून दहा मिनिटांनी त्यावर त्याचा आवाज आला. "वैनी, बोल. साहेबले देस."

मालतीबाईंनी फोन स्पीकरवर टाकला. बायकांच्या कात्र्या थांबल्या.

"बोला, कोण?" थकलेला, बसलेला आवाज.

प्रमिलाबाईंनी रात्रभर प्रश्न पाठ केले होते. एकही आठवेना. "साहेब, माझा दर वाढला का?"

"कसला दर?"

"रिझर्व्ह बँकेचा सहा वेळा वाढला ना. माझ्या मुलाच्या घराची सतराची तीस वर्षं झाली."

"घराचं कर्ज आमच्याकडचं आहे का?"

"नाही, सुरतचं."

"मग ते सुरतला विचारा. तुमचं हे पीककर्ज. थांबा." कळफलक बडवल्याचा आवाज. "एक लाख चार हजार. दर सात टक्के."

"अजून सातच?"

"सातच. तीन लाखांपर्यंत सात. वेळेत भरलं की त्यातले तीन टक्के नंतर परत जमा होतात. तुम्हाला पडले चार."

"रेपो वाढला तरी?"

"वाढला तरी. बँकेला जो फरक पडतो तो सरकार देतं. तुमच्यापर्यंत येत नाही."

"आणि मी आज नाही भरलं तर?"

"तर उद्यापासून सवलत नाही. बँकेचा स्वतःचा दर लागणार, साडेदहाच्या वर आहे सध्या. तो मात्र तुमच्या त्या रेपोबरोबर हलतो. नवीन कर्जही अडेल. बाई, लवकर बोला, माझ्यासमोर लोक उभे आहेत."

मालतीबाईंनी मान हलवली. बघ, म्हटलं नव्हतं का! पण प्रमिलाबाईंचा खरा प्रश्न अजून राहिला होता. तो विचारताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला की हर्षदाने फोन त्यांच्या तोंडाजवळ नेला.

"भरून सोमवारी नवीन घेतलं, तर ते कितीने?"

"सातने."

"आणि पुढच्या साली सरकारने फरक दिला नाही तर?"

पलीकडे गोंगाट होता. कोणीतरी टोकन नंबर ओरडत होतं.

"ते मला माहीत नाही," साहेब म्हणाले. "वरून पत्र येतं तेव्हाच आम्हाला कळतं."

"तुम्हालापण माहीत नाही?"

"नाही, बाई. या सालाचं सांगू शकतो. एक लाख अकरा हजार दोनशे ऐंशी. भरताय का?"

फोन लोटूकडे परत गेला. हर्षदाने रक्कम टाकली, दोनदा तपासली. प्रमिलाबाईंच्या मोबाईलवर टिंग झालं.

"मम्मी, ओटीपी आला तुमच्यावर. वाचा."

सहा आकडे होते. ते कोणालाही सांगायचे नाहीत, अगदी कोणालाही, असं चेतननेच त्यांना शंभरदा बजावलं होतं. प्रमिलाबाई पडद्याकडे बघत राहिल्या. हे आकडे उच्चारले की लेकाची दहा वर्षं त्यांच्या तोंडून जाणार होती. एकतीसचा मुलगा एकावन्नला मोकळा झाला असता, तो आता एकसष्टपर्यंत जुंपलेला राहील, आणि ते त्याला माहीत असेल, जेवताना, झोपताना, आईकडे बघताना.

"मम्मी, हा जाईल थोड्या वेळात. परत मागवावा लागेल."

"चेतन काय म्हणेल?"

"दोन दिवस बोलणार नाही. मग बोलेल." हर्षदा स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाली. "त्याच्या तीस वर्षांत मी पण आहे ना, मम्मी. मी हिशोब करूनच बसलेय इथे. वाचा."

प्रमिलाबाईंनी वाचले. चार आकडे झाल्यावर त्या थांबल्या. मालतीबाईंनी डोकावून पुढचे दोन वाचून दिले.

मग वाट बघणं. हर्षदाच्या ॲपमध्ये हिरवी खूण आली, पण प्रमिलाबाईंना हिरव्या खुणेवर भरवसा नव्हता. पैसे कुठेतरी मध्ये असतील, ना इथे ना तिथे. साडेतीन वाजले. पावणेचार. लोटू दर पाच मिनिटांनी "आजून नही" म्हणायचा. कोणी कात्री उचलली नाही. शेठ एकदा दारात आला आणि काय वाटलं कोणास ठाऊक, न ओरडता परत गेला. चारला सात मिनिटं कमी असताना लोटू म्हणाला, "वैनी, साहेबनी पाहं. जमा व्हयनं. खातं कोरं शे."

मालतीबाई आधी पाणी प्यायल्या, मग त्यांनी प्रमिलाबाईंना दिलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच प्रमिलाबाई बँकेचं काही देणं लागत नव्हत्या. त्यांना वाटलं होतं, हे झालं की हातपाय मोकळे होतील. पण पेला खाली ठेवताना त्या पुढचे दिवस मोजत होत्या. उद्या बँक बंद, परवा रविवार, आणि त्यानंतर त्याच खिडकीत जाऊन, साहेबालाही ज्याचं पुढचं माहीत नाही त्या कर्जावर, आपण पुन्हा सही करायची. नाही केली तर जूनमध्ये लोटूचं रान मोकळं.

"वैनी, आते नवं कधी?" लोटू विचारत होता. "बी तर घेनं पडी."

तळघरातल्या सगळ्या बायका त्यांच्याकडे बघत होत्या.

"सोमवारच्या गाडीने येते," प्रमिलाबाई म्हणाल्या. "साहेबाला सांगून ठेव. सही मी लगेच करणार नाही. दर जिथे लिहिलाय तिथे त्यांनी बोट ठेवायचं. मग तारीख जिथे लिहिलीय तिथे. मी बघेन, दोन्ही कागदावर उतरवून घेईन, आणि मगच करीन."

"बरं."

"आणि लोटू, चेतनचा फोन आला तर उचल. मी आज त्याचा उचलणार नाहीये."